म्हाताऱ्याला घाई सोसत नाही

मंडळी, घराघरांतून भाजणीचा खमंग वास सुटलेला असताना मी मात्र चार दिवस विंडोज २००० सर्व्हर बसवीत होतो. "माळ्यावरची अडगळ काढा म्हटलं, तर ती तुम्ही कॉम्प्युटरात भरताय!" असे आमच्या हिने सुनावले, ते अगदीच खोटे नव्हते.

पण कारण तसेच होते. कचेरीतल्या कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचा मी बरीच वर्षे मानद चिटणीस. २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावरच्या खतावण्यांचा लगदा झाला. वरच्या मजल्यावरचा सर्व्हर तेवढा वाचला. २००८ साली तोही गेला, आणि नव्या हिशेबासाठी जुन्या खात्यांची यादी हाताने उतरवली गेली. यादीखाली सही माझी. यंदा पतपेढी गुंडाळायची ठरली, तेव्हा शेजारच्या आक्का विचारायला आल्या. यादीत त्यांच्या यजमानांचे नावच नाही! "भाऊ, दर महिन्याला दोनशे भरत होते हो हे," एवढेच त्या म्हणाल्या. त्या रात्री मला झोप आली नाही.

ट्रंकेत दोन तबकड्या निघाल्या. एक २००६ सालच्या बॅकअपची, दुसरी त्या सर्व्हरची. वेष्टनावर पंचवीस अक्षरांची किल्ली शाबूत. पण हा बॅकअप उघडणारा प्रोग्राम आजच्या विंडोजमध्ये येत नाही, आणि आमचा हिशेबाचा प्रोग्राम तर नव्या यंत्राला ओळखच देईना.

"मामा, व्हर्च्युअल मशीन करू," भाचेराव म्हणाले.

म्हणजे काय, तर वाड्यातले बिऱ्हाड. नव्या संगणकाच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम एक खोटा संगणक उभा करतो. त्याला मेमरी, डिस्क, सीडीचा खण, सारे कागदोपत्री. आत राहणाऱ्याला वाटते, अख्खे घर आपलेच! ही युक्ती आजची नव्हे; साठीच्या दशकात आयबीएमच्या लोकांनी एका मोठ्या यंत्रात अशी अनेक बिऱ्हाडे नांदवली होती.

आम्ही भाडेकरूला २५६ एमबी मेमरी दिली आणि ४ जीबी डिस्क. आज एवढ्याशा जागेत एक सिनेमा मावायची पंचाईत! नेटवर्कची तार मात्र काढून ठेवली. या सर्व्हरची डागडुजी कंपनीने १३ जुलै २०१० रोजी कायमची थांबवली. त्याला इंटरनेटवर सोडणे म्हणजे आजोबांना एकटे लोकलच्या गर्दीत ढकलणे.

निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली. एफ-आठ दाबून करार मान्य केला, डिस्क आखून घेतली. पुढे किल्ली घातली, परवाने कसे मोजायचे ते सांगितले. सारे सुरळीत चालले असताना, शेवटच्या टप्प्यावर यंत्र आपले आपणच पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, डिस्क भरली. रिकामी डिस्क भरली कशाने? रिकाम्या नोंदींच्या फायलींनी! मी तबकडीला दोष दिला, मग भाच्याला, मग नशिबाला.

तिसऱ्या दिवशी भाच्याने व्हर्च्युअलबॉक्सचे माहितीपुस्तक काढले. त्यात हे दुखणे नावानिशी दिलेले! विंडोज २००० च्या डिस्कवाल्या भागात एक जुनी चूक आहे. तो डिस्कला काम सांगतो आणि उत्तराला थोडा वेळ लागणार असे धरून चालतो. खऱ्या डिस्कला तो लागतच असे, म्हणून चूक झाकून राहिली. आजचे यंत्र मात्र प्रश्न संपता संपताच उत्तर तोंडावर फेकते, आणि म्हातारा गडबडतो. उपाय एका ओळीचा: उत्तर एक सहस्रांश सेकंद थांबून द्यावे.

"एवढंच?" मी विचारले.

"एवढंच, मामा."

एवढ्या उसंतीवर ते गृहस्थ निमूटपणे मांडी घालून बसले. रात्री बॅकअप उतरवला, हिशेबाचा प्रोग्राम सुरू झाला, आणि खाते उघडले. ठेव होती. वारस म्हणून आक्कांचे नाव होते. शिल्लक मात्र त्यांच्या अंदाजाहून कमी. २००४ च्या जूनमध्ये आठ हजार काढलेले. हे कसे सांगावे, या विचारात मी सकाळी त्यांना बोलावले.

आक्कांनी चष्मा लावला. "जून? थोरल्याची कॉलेजची फी. मला म्हणाले, बोनस मिळाला."

उतारा छापून झाला, सही केली. चुकलेल्या यादीबद्दल माझे पत्रही जोडले. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या ना थोडं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या महिन्यापासून एकेक दोनशे बोट ठेवून वाचू लागल्या.