लोहगावची धावपट्टी आणि अकरावीचा अर्ज

नांदे येथून भल्या पहाटे निघालेली आमच्या विद्यालयाची बस सूस, बाणेर मागे टाकीत लोहगावच्या हवाई दल तळावर पोहोचली. पुण्याचे नागरी विमानतळ याच तळाच्या धावपट्टीवर चालते, हे पुष्कळ मुलांना त्या दिवशी प्रथमच कळले. सुखोई-३० एमकेआय विमाने २००२ मध्ये येथेच सेवेत दाखल झाली. विमानाइतकेच ते सज्ज ठेवणाऱ्या तंत्रज्ञांचे काम मुलांनी डोळे विस्फारून पाहिले.

नववीतील एका मुलीने धिटाईने विचारले, "सर, पायलट व्हायला किती टक्के लागतात?" अधिकारी म्हणाले, "बाळ, टक्के नंतर. आधी सांग, अकरावीत गणित घेणार आहेस ना?" ती गप्प झाली. परतीच्या वाटेवर आम्ही शिक्षकही गप्पच होतो.

सैन्याचे दार आपल्या समाजाला सहजासहजी उघडलेले नाही. सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्या नोकरीनेच त्या घरात अक्षरांची ओढ रुजवली. पुढे इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, तर १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी विलायत सरकारकडे दाद मागितली. अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १९४१ मध्ये बेळगावी महार पलटण उभी राहिली. आज हवाई दलाच्या जवानांचे प्राथमिक प्रशिक्षणही त्याच बेळगावजवळ, सांबरा येथे होते.

कोणी विचारील, बुद्धाच्या लेकरांना शस्त्रांचे दर्शन कशाला? बाबासाहेबांनी भगवान बुद्धांची अहिंसा ही आंधळा नियम नसून विवेकाने पाळावयाचे तत्त्व आहे, असे सांगितले. युद्धाची हौस वेगळी आणि संविधानाने दिलेल्या देशाच्या रक्षणाची जबाबदारी वेगळी.

आज जातीच्या नावाने दार बंद नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला अनुसूचित जातींच्या उमेदवारांना शुल्कही नाही. २०२२ पासून तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तेथून उत्तीर्ण झाल्या. परंतु प्रबोधिनीतून हवाई दलात जाण्यासाठी बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि गणित हवे. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर हैदराबादजवळ दुंडीगल येथे उड्डाणाचे पुढील प्रशिक्षण मिळते. म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी अकरावीच्या अर्जावर केलेली एक खूण ही वाट उघडते किंवा बंद करते. 'गणित जड जाते, कला शाखा घे,' हा मायेने दिलेला सल्ला आपल्या कित्येक मुलींसाठी नवी भरतीबंदीच ठरतो.

अग्निवीर होऊ इच्छिणाऱ्यांनाही आम्ही पुरते सांगितले पाहिजे. ही सेवा चार वर्षांची असून त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान कायम होतात. रामजीबाबांच्या पिढीला लाभलेले स्थैर्य यात गृहीत धरता येत नाही. जाणाऱ्याने अवश्य जावे. मात्र हाती शिक्षण घेऊन, डोळसपणे जावे.

म्हणून सहलीची छायाचित्रे या स्मरणिकेत छापून आमचे कर्तव्य संपत नाही. आठवीपासून गणिताचा पाया पक्का करणे हे आम्हा शिक्षकांचे काम. दहावीच्या निकालाआधी मुलांशी व पालकांशी बसून बोलणे हेही आमचेच. अभियंते, बँक कर्मचारी, प्राध्यापक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातला एक रविवार वसतिगृहाला द्यावा, एवढीच विनंती. पालकांनी मुलीच्या हातून गणिताचे पुस्तक काढून घेऊ नये.

अर्जविनंत्या करून पूर्वजांनी दार उघडले. त्या दारातून आत जाण्याची तयारी करून घेणे आपल्या हाती आहे. ती मुलगी आता दहावीत आहे. तिचा अर्ज भरण्याची वेळ जवळ आली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!