सीबीसीतला आकडा म्हणजे निदान नव्हे

गर्भारपणातील उच्च रक्तदाबाच्या संशोधनात सध्या सीबीसी या रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीतून मिळणारे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) गुणोत्तर आणि सीआरपी हे दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन यांचा बोलबाला आहे. त्यामागचा विचार भक्कम आहे. प्रत्येक गर्भारपणात आईच्या शरीरात सौम्य दाह असतोच. तो हाताबाहेर गेला की प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचा धोकादायक आजार, दिसू लागतो, असे रेडमन, सॅक्स आणि सार्जंट यांनी 1999 मध्ये मांडले. हे मान्य करूनही आमचे मत स्पष्ट आहे: या आकड्यांवरून एखाद्या गर्भवतीचे निदान किंवा भाकीत करू नये.

याचे कारण त्याच मांडणीत आहे. निरोगी गर्भवतीच्याही न्यूट्रोफिल पेशी वाढतात. लठ्ठपणात सीआरपी चढते, संसर्गात दोन्ही आकडे वाढतात. बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथाझोन दिले की न्यूट्रोफिल वाढून लिम्फोसाइट घटतात. म्हणजे मुदतपूर्व प्रसूतीची वेळ आलेल्या गंभीर रुग्णांतच हा आकडा उपचारामुळे फसवा होतो. दोन गटांच्या सरासरीत फरक आढळला, तरी तेवढ्यावर समोरच्या बाईचा निर्णय घेता येत नाही.

सीबीसी स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होते, आणि एसएफएलटी-1 व पीएलजीएफ या वारेशी निगडित प्रथिनांच्या गुणोत्तराची तपासणी अनेकींना परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या तपासणीची 38 ही मर्यादा 2016 च्या प्रोग्नोसिस अभ्यासात आधी एका गटात ठरवून मग दुसऱ्या गटात पडताळली गेली. आजाराचा संशय असलेल्या, पण गुणोत्तर 38 किंवा त्याहून कमी असलेल्या गर्भवतींपैकी 99.3 टक्के जणींना पुढच्या आठवड्यात प्री-एक्लॅम्पसिया झाला नाही. न्यूट्रोफिल गुणोत्तराला अशी सर्वमान्य मर्यादा नाही. स्वस्त चाचणीने दिलेला खोटा दिलासा आईच्या जिवावर बेतू शकतो. शिवाय त्याच सीबीसीतला प्लेटलेटचा आकडा कसोटीला उतरलेला आहे: रक्तदाब वाढलेला असताना प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या, तर आजार गंभीर समजावा.

प्रतिबंधाचा मार्गही या आकड्यांवाचून खुला आहे. 2017 च्या अ‍ॅस्प्री चाचणीत जास्त जोखमीच्या गर्भवतींना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले, तेव्हा मुदतपूर्व प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण 4.3 वरून 1.6 टक्क्यांवर आले. म्हणून पहिल्याच भेटीत इतिहास नीट घ्यावा, योग्य मापाच्या कफने रक्तदाब मोजावा आणि पात्र गर्भवतीला सोळाव्या आठवड्याआधी अ‍ॅस्पिरिन सुरू करावे. दाहनिर्देशकांवर संशोधन जरूर व्हावे. मात्र ते पहिल्या तिमाहीपासून, त्याच स्त्रियांचा मागोवा घेत आणि संसर्ग व स्टेरॉइडची नोंद ठेवून व्हावे. तोवर त्यांचे स्थान अभ्यासाच्या वहीत आहे, केसपेपरवर नाही.