आधी चपला काढा

लोहारा तालुक्यातल्या माकणीत, निम्न तेरणा धरणाच्या परिसरात, शेतकऱ्याचा दिवस ढेकळांतून आणि बांधांवरून चालण्यात जातो. तरी दवाखान्यात पायाच्या दुखण्याचा नंबर शेवटी लागतो.

सकाळी पहिल्याच पावलाला टाच ठणकते, ती बहुधा तळव्यातला जाड पडदा ताणल्यामुळे. पोटरी आणि तळवा ताणायचे व्यायाम, मऊ तळाची चप्पल, एवढ्यानेही बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो. घोटा मुरगळला तर चोळू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्या. कुरूप घरी ब्लेडने कापू नका. जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात, रुतलेला काटाही कळत नाही. म्हणून रोज रात्री तळवे पाहा आणि जखम दिसताच डॉक्टरांकडे जा.

आमचं म्हणणं साधं आहे: गावातल्या साखर तपासणीच्या शिबिरात बोटातून रक्त घेतात, तसं चपला काढायला लावून तळवेही बघावेत. त्याला यंत्र लागत नाही, पाय मात्र वाचतो.