बायबरी पाहिलंत, आता लोनाड बघा!

आमच्या हापिसातून जो कोणी ऑनसाइटला इंग्लंडला जाऊन येतो, त्याच्या अल्बममध्ये बायबरी असतंच. दगडी घरांची रांग, समोर ओढा, मध्ये जॅकेट घातलेला आपला हिरो. वर डायलॉग, "हे लोक जपतात यार, आपल्याकडे काय आहे?"

जपतात, मान्य. पण काय जपलंय? ती 'आर्लिंग्टन रो' म्हणजे चौदाव्या शतकातलं लोकरीचं गोदाम. सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. आज ती नॅशनल ट्रस्टकडे आहेत. गोदाम आणि विणकर... म्हणजे आपली भिवंडीच की हो!

आता भिवंडीजवळचं लोनाड घ्या. टेकडीत कोरलेलं बौद्ध लेणं, आत आज खंडेश्वरी देवी. गावात जुनं शिवमंदिर. शेजारच्या चौधरपाड्यात शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा शके ११६१चा, म्हणजे इ.स. १२३९-४०चा शिलालेख. पुढे अंबरनाथचं १०६० सालचं मंदिर आहे. दुसऱ्या दिशेला वज्रेश्वरी, वसईच्या १७३९च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधवलेली, आणि अकलोलीची गरम कुंडं. ट्रॅफिकने दया केली तर यातली दोन ठिकाणं एका वीकांताला आरामात होतात.

"पण त्या धुळीत, ट्रकच्या मागून कोण जाणार?" हा ठरलेला प्रश्न. अहो, ते ट्रक कोणाचे? मुंबईची जकात चुकवायला गोदामं भिवंडीत आली. २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. तिथल्या भातशेतीवर जे पत्रे चढले, त्यांच्याखाली तुमचेच शूज आणि हेडफोन ठेवलेत. रात्री अकराला ऑर्डर करून सकाळी पार्सल हवं म्हणायचं आणि वर भिवंडी बकाल म्हणून नाकं मुरडायची, हा शुद्ध दुटप्पीपणा आहे.

गोदामं बंद करा असं मी म्हणत नाही, हजारोंची पोटं आहेत त्यावर. पण लेण्याची टेकडी आणि लेखाचा दगड यांच्याभोवती थोडी जागा मोकळी सोडा, वाटेवर नीट पाट्या लावा, एवढं मागायला काय हरकत आहे? मागणारेच नसतील तर देणार कोण? बायबरीलाही आधी कोणाला तरी ती घरं जपावीशी वाटलीच असतील ना.

जाता जाता, चौधरपाड्याचा तो दगड गधेगाळ आहे. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला गाढवाची शिवी! केशिदेवाला आठशे वर्षांपूर्वीच आपली खात्री नव्हती. असो.