‘डोकंच नाही’ म्हणण्याआधी रक्त तपासा

दहावीचा निकाल लागला की कळवा पूर्वेच्या चाळींमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पास झालेल्या पोराबद्दल ‘बुद्धी आहे हो त्याला’ आणि नापास झालेल्याबद्दल ‘डोकंच नाही’. डोकं ही गोष्ट माणूस जन्माला येतानाच सोबत घेऊन येतो, कुणाला जास्त मिळतं, कुणाला कमी, असं बोलणाऱ्याला वाटत असतं. त्यापुढची पायरी सोपी असते. ‘त्यांच्या घरात कुणी शिकलंच नाही’, ‘त्या लोकांचं तसंच असतं’. ‘त्या लोकांचं’ म्हणजे कुणाचं, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

आता जरा मेंदूकडे बघू. जन्माच्या वेळी त्याचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं. पुढच्या दोन वर्षांत ते पाऊणपर्यंत जातं. म्हणजे मेंदूचं बरंचसं बांधकाम आपण जन्मल्यानंतर, ज्या घरात, ज्या हवेत, ज्या आवाजात वाढतो तिथे होतं. पेशींना जोडणाऱ्या तारा त्या काळात भराभर टाकल्या जातात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या छाटल्या जातात. बांधकाम चालू असताना सिमेंटमध्ये माती मिसळली किंवा शेजारी रोज सुरुंग लागत राहिले, तर इमारतीचं काय होईल ते सांगायला इंजिनीअर लागत नाही.

कळव्यातल्या मुलांच्या बाबतीत दोन्ही होतं. माती म्हणजे शिसं, धूर, रसायनं. सुरुंग म्हणजे लहानपणापासूनचा ताण.

आधी आवाजाचं घेऊ, कारण तो आपल्याला ऐकूच येईनासा झालाय. कळव्याला एका बाजूला लोकल, दुसऱ्या बाजूला मेल आणि मालगाड्या, शिवाय कारशेड. पाहुणे आले की ते दचकतात, आपण दचकत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या खिडक्यांसमोरूनच उन्नत रेल्वे जायची. दर साडेचार मिनिटांनी गाडी आली की शिक्षकांना बोलणं थांबवावं लागायचं. कॉलेजमध्ये मानसशास्त्र शिकवणाऱ्या आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांना त्यांच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं, माझं मूल त्या शाळेत आहे. ब्रॉन्झाफ्टबाईंनी एकाच शाळेतल्या, एकाच इयत्तेतल्या मुलांची तुलना केली. निम्मे वर्ग रुळांच्या बाजूला होते, निम्मे मागच्या शांत बाजूला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सहावीपर्यंत पोचताना रुळांकडच्या वर्गातली मुलं वाचनात जवळपास वर्षभर मागे पडली होती. त्यानंतर रेल्वेने रुळांखाली रबराचे पॅड बसवले, शाळेने वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं. १९८१ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंची मुलं सारखीच वाचत होती.

या प्रयोगात शाळा तीच होती, कुणी क्लास लावला नाही. रबर बसवलं, बस्स.

शिशाची गोष्ट एवढी सोपी नाही. शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेऊन वावरतं. कॅल्शियमसाठी असलेल्या वाटांनी ते आत शिरतं, मेंदूत पोचतं आणि पेशींमधला निरोप बिघडवतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा मुरतो, लहान मुलांच्या शरीरात निम्म्यापर्यंत. रक्तात लोह कमी असेल तर आणखी जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे राज्यातल्या दर तीनपैकी दोन लहानग्यांच्या शरीराने शिशासाठी दार अर्धवट उघडंच ठेवलंय. उरलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतल्या कॅल्शियमबरोबर तेही बाहेर पडतं आणि पोटातल्या बाळापर्यंत जातं. पुढच्या पिढीचा हिशोब असा आधीच सुरू झालेला असतो.

एके काळी हे शिसं पेट्रोलमधून येत होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईसह देशातल्या मोठ्या शहरांत मुलांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांमध्ये दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. २००० मध्ये देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. नंतर मुंबईतल्या मुलांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा १० च्या वर असलेली मुलं साधारण एक-तृतीयांशावर आली होती. एका सरकारी निर्णयाने इतका फरक पडला. पण बाकीच्या एक-तृतीयांशाचं काय? त्यात आता तो १० चा आकडाही जुना झालाय. अमेरिकेत आज ३.५ ला धोक्याची खूण धरतात आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नसतेच.

मग आता ते येतं कुठून? जुन्या रंगाचे पोपडे, बॅटऱ्या फोडण्याची कामं, भेसळीची हळद, काही प्रकारचा सुरमा. आणि आपल्याकडे खास म्हणजे मुंब्रा-दिव्याच्या बाजूला रात्री जाळल्या जाणाऱ्या केबली. आतलं तांबं मिळावं म्हणून वरचं प्लास्टिक जाळतात. ते प्लास्टिक टिकाऊ व्हावं म्हणून त्यात शिशाची संयुगं घातलेली असू शकतात. ज्यांनी लोकलच्या दारात उभं राहून तो काळा, घशात अडकणारा धूर घेतलाय त्यांना वास आठवेल. दिव्याचं डम्पिंग ग्राउंड २०२३ मध्ये बंद झालं, पण तोपर्यंत त्याच्या आगींचा धूर खात एक पिढी बालवाडीतून कॉलेजात पोचली होती. धुराचं म्हणाल तर बार्सिलोनात ३९ शाळांमधल्या २,७१५ मुलांची वर्षभर तपासणी झाली होती. जास्त प्रदूषित शाळांमधल्या मुलांची कामचलाऊ स्मरणशक्ती, म्हणजे फळ्यावरचं गणित डोक्यात धरून ठेवायची ताकद, त्या वर्षात ७.४ टक्क्यांनी वाढली. स्वच्छ हवेच्या शाळांमध्ये ती ११.५ टक्क्यांनी वाढली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा खारेगावच्या हायवेला लागून असलेल्या शाळांची अशी तुलना कुणी करेल तर वाचायला आवडेल.

आता सुरुंगांकडे. पारसिकच्या डोंगरावर, घोलाईनगर, वाघोबानगर, भास्करनगर अशा वस्त्यांमध्ये पावसाळा आला की नोटिसा येतात. दरड कोसळू शकते, घर सोडा. जायचं कुठे, हे नोटिशीत नसतं. १९ जुलै २०२१ ला घोलाईनगरमध्ये दरड कोसळून एकाच घरातले पाच जण गेले. त्याच उतारावरचं सहा-सात वर्षांचं मूल पुढच्या प्रत्येक मुसळधार रात्री काय ऐकत झोपत असेल? शिवाय बाबांचा सुटलेला जॉब, भाड्यावरून भांडण, पाण्याच्या रांगेतली मारामारी. एखाद्या दिवसाचा ताण मूल पचवतं, त्याने ते शिकतंही. पण ताण रोजचा झाला आणि धीर द्यायला कुणी मोठं माणूस जवळ नसलं, की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक खाली यायचं नावच घेत नाही. त्याचा मार स्मरणाचं काम करणाऱ्या भागावर बसतो आणि धोका हुंगणारा भाग जास्त तिखट होतो. वर्गात अशा मुलाबद्दल शेरा येतो, ‘लक्ष नसते’. खरं तर त्याचं लक्ष दारावर असतं, बाहेरच्या आवाजावर असतं, बाईंचा चेहरा कधी बदलेल त्यावर असतं. फळ्यासाठी काही उरत नाही एवढंच.

विष आणि ताण हे दोन वेगळे विषय समजून आपण ते दोन वेगळ्या खात्यांकडे दिलेत. धुराचं प्रदूषण मंडळाकडे, ताणाचं समुपदेशकाकडे, तोही असलाच तर. मेंदूला ही खाती माहीत नाहीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजणाऱ्या बॅगा दिल्या आणि पुढे त्यांच्या मुलांचा सात वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. धुरातल्या विशिष्ट रसायनांमुळे बुद्ध्यांक कमी झाल्याचं ठळकपणे दिसलं ते कुठे, तर ज्या आयांना खाण्याची, घराची, कपड्यांची चणचण होती त्यांच्या मुलांमध्ये. रॉचेस्टर विद्यापीठात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत शिसं आणि आईवरचा ताण एकत्र आले, तेव्हा एकट्या शिशाने किंवा एकट्या ताणाने न दिसलेले परिणामही दिसले. म्हणजे हा हिशोब बेरजेचा नाही. आणि आपल्याकडे विष आणि ताण एकाच पिनकोडला राहतात.

इथे कुणीतरी म्हणणारच, ‘आम्हीपण इथेच वाढलो, आमचं काय वाकडं झालं?’ कॉलेजात पोचलेल्यांनी हा प्रश्न विचारणं म्हणजे लोकलमध्ये चढलेल्याने ‘गर्दी कुठे आहे’ विचारणं. प्लॅटफॉर्मवर राहिलेला त्या डब्यात नसतो. शिवाय परिणाम एकेका माणसावर दिसत नाही, सरासरीत दिसतो. अख्ख्या लोकसंख्येचा बुद्ध्यांक फक्त पाच गुणांनी खाली सरकला, तर तळाच्या गटातल्या, म्हणजे शिकायला खास मदत लागणाऱ्या मुलांची संख्या दीडपटीच्या वर जाते. त्या वाढलेल्या संख्येतला एखादा तुमच्या बालवाडीत तुमच्या शेजारी बसला असेल.

मला दुसऱ्या एका गोष्टीची जास्त भीती वाटते. हे विज्ञान अर्धवट पसरलं तर ‘डोकंच नाही’च्या जागी ‘मेंदूच खराब झालाय’ असं येईल. रीलवर तसं येऊही लागलंय, ‘लहानपणीच्या ट्रॉमाने तुमचा मेंदू कायमचा बदलतो’ वगैरे, मागे उदास पियानो. जुना शिक्का पुसून नवा इंग्रजी शिक्का मारण्यात काही अर्थ नाही. शिशाने झालेलं सगळं नुकसान भरून येत नाही, हे खरं आहे. पण शिसं दिलेल्या उंदरांना खेळायला जागा, सोबती आणि नवनव्या वस्तू असलेल्या पिंजऱ्यात ठेवलं, तेव्हा त्यांचं शिकणं बऱ्याच प्रमाणात सुधारलं, हेही प्रयोगांत दिसलंय. रुमानियात अनाथाश्रमातली मुलं लहान वयात चांगल्या पालक कुटुंबांत गेली, तेव्हा त्यांची वाढ आश्रमात राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली झाली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त चांगली. म्हणून आपल्या वस्तीतली अंगणवाडी ही खिचडी वाटपाची जागा आहे असं समजणं मला महागातला विनोद वाटतो. मेंदूसाठी तीच सगळ्यात मोठी दुरुस्तीशाळा आहे.

‘कारवाई करा’ या आवडत्या मागणीबद्दलही थोडं. केबल जाळणाऱ्यांवर धाड घाला, डोंगरावरची घरं पाडा, असं आपण सोसायटीच्या ग्रुपवर सहज लिहितो. केबल जाळणारा माणूस बहुतेक वेळा त्या धुरात वाढणाऱ्या मुलाचा बापच असतो. धाड पडली की धूर कमी होतो आणि घरातला ताण वाढतो. घर पाडलं की दरडीची भीती जाते आणि रस्त्यावरची येते. आधी तांबं सोलून काढणारी साधी यंत्रं आणि भंगार घेणारं रीतसर केंद्र द्या, आधी पर्यायी घर द्या, मग बंदी घाला. क्रम उलटा केला तर मुलाच्या मेंदूच्या दृष्टीने फार काही बदलत नाही.

आणि सगळ्याच्या आधी मोजा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जायचं असतं. ते वजन, उंची, डोळे, दात, हृदय बघतं, वाढीतला उशीरही नोंदवतं. तपासायच्या आजारांच्या यादीत शिसं नाही. वाढ उशिरा होतेय हे लिहायचं, पण का होतेय याच्या एका मोठ्या कारणाकडे बघायचंच नाही, असा हा प्रकार. बोटाच्या टोकातून घेतलेल्या एक-दोन थेंबांवर काही मिनिटांत आकडा सांगणारी छोटी यंत्रं मिळतात. जास्त निघालं तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची. कळव्यात महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला जोडून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यार्थी आहेत, प्रयोगशाळा आहे आणि तपासायला लागणारी मुलं तर पायी येण्याच्या अंतरावर आहेत. ठाणे महापालिकेने कळवा, मुंब्रा, दिव्यातल्या अंगणवाड्यांपासून सुरुवात करावी. ज्या मुलांचा आकडा जास्त येईल त्यांच्या घरी जाऊन शिसं कुठून येतंय ते शोधावं, आणि तोवर त्या मुलांना लोह आणि कॅल्शियम मिळेल एवढं बघावं.

एनएसएसच्या मंडळींना दरवर्षी प्रोजेक्ट हवाच असतो. झाडं लावून झाली, पथनाट्य झालं. या वर्षी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. प्रश्न तीनच ठेवा: गेल्या पाच वर्षांत महापालिकेने किती मुलांच्या रक्तातलं शिसं तपासलं, कोणत्या वॉर्डात, आणि रुळांना लागून असलेल्या किती पालिका शाळांमध्ये आवाजाची पातळी मोजली. शांतता क्षेत्रात, म्हणजे शाळेभोवतीच्या शंभर मीटरमध्ये, दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. ते मोजणारं अ‍ॅप बहुतेकांच्या फोनवर चालतं. त्याचं रीडिंग पुरावा म्हणून चालणार नाही, पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत एखाद्या शाळेच्या गेटबाहेर उभं राहून गाडी गेल्यावर काटा कुठे जातो ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही.