आपल्या मजकुराचा पत्ता आपल्या नावावर असू द्या

बुलडाणा जिल्ह्यातल्या आपल्या कुठल्याही संस्थेला तिचा इंटरनेटवरचा पत्ता विचारा. वाचनालय असो, शिष्यवृत्ती समिती असो की माजी विद्यार्थ्यांचा गट, उत्तर ठरलेले असते: 'आमचे फेसबुक पेज आहे' किंवा 'व्हॉट्सॲप ग्रुपला जॉइन व्हा.' इमारतीची कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत, यावरून आपण वर्षानुवर्षे वाद घालतो. पण संस्थेची भाषणे, फोटो, अहवाल आणि पत्रव्यवहार कोणाच्या जागेत पडून आहे, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

ज्याची जागा, त्याचे कुलूप. लोकांनी हौसेने पाने सजवलेली जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये संपले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास ठप्प झाले, तेव्हा अनेक संस्थांकडे आपल्याच सभासदांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

म्हणून माझे मत असे आहे की संस्थेने स्वतःचे डोमेन घ्यावे आणि मजकुराची मूळ प्रत आपल्या ताब्यातल्या यंत्रावर ठेवावी. आमच्या वाचनालयाची वेबसाइट चिखलीत माझ्या घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवरून चालते. तो साधारण २० वॅट वीज खातो, म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट. रास्पबेरी पाय वापरला तर ५-६ युनिटांत भागते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने लाइट गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. फक्त राउटरला इन्व्हर्टरची जोड द्यावी लागते.

अडचण यंत्राची नाही, कनेक्शनची आहे. घरगुती इंटरनेट आपल्याला घेण्यासाठी विकले जाते, देण्यासाठी नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत आणि आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला. त्यामुळे कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात आणि बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरचे दार वाजवू शकत नाही.

मी माझ्या इंटरनेट कंपनीकडे स्थिर आयपी मागितला, तेव्हा पलीकडून प्रश्न आला, 'घरी कशाला पाहिजे?' हा प्रश्न मला खटकतो. नळ घेताना पाणी कशाला हवे, असे कोणी विचारत नाही.

तरीही वाटा आहेत. पहिली वाट आयपीव्ही६ ची. तुमच्या कनेक्शनला तो मिळत असेल, तर घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. मात्र समोरच्याकडेही आयपीव्ही६ लागतो. दुसरी वाट बोगद्याची. घरचा सर्व्हर स्वतःहून बाहेरच्या यंत्राशी जोडणी करतो आणि वाचक त्या जोडणीतून आत येतात. क्लाउडफ्लेअरची सोय वेबसाइटपुरती पुरते. किंवा एक लहान व्हीपीएस भाड्याने घेऊन वायरगार्डने घराशी जोडता येतो. भाड्याचे यंत्र हे फक्त दार. ते बदलले तरी घरातला ऐवज जागेवर राहतो. अर्थात आधी कराराच्या अटी वाचा. घरगुती प्लॅनवर सर्व्हर चालवायला मनाई असेल, तर स्थिर आयपीचा किंवा व्यावसायिक प्लॅन लेखी मागा.

ईमेलबाबत मात्र मी सावध सल्ला देईन. ईमेलचे वाहतूक-नियम १९८२ चे, एकमेकांवर भरवसा असलेल्या मोजक्या संगणकांच्या काळातले. पुढे व्हायरस लागलेल्या घरगुती संगणकांतून स्पॅमचा पूर आला आणि बऱ्याच कंपन्यांनी घरगुती कनेक्शनवर पोर्ट २५ बंद केले. स्पॅमहाऊससारख्या संस्था घरगुती आयपींची यादीच ठेवतात, आणि त्या यादीतल्या पत्त्यावरून थेट निघालेले पत्र अनेक सर्व्हर नाकारतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक प्रेषकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि बरोबर रिव्हर्स डीएनएस लागतो. रिव्हर्स डीएनएस आयपी देणाऱ्या कंपनीच्या हातात असतो, आपल्या नाही. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचे पत्र स्पॅममध्ये गेले, तर नुकसान त्या मुलीचे होते. आपल्या हौसेसाठी तिची संधी पणाला लावू नये.

म्हणून पत्र पाठवण्यासाठी विश्वासू रिले सेवा घ्या, पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवा आणि आलेली पत्रे व्हीपीएसच्या वाटेने घरी साठवा. घरचा सर्व्हर काही तास बंद पडला तरी घाबरायचे कारण नाही. पाठवणारा सर्व्हर साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. सभासदांची आधार कार्डे, बँकेचे तपशील अशा गोष्टी मात्र वेबसाइटच्या यंत्रावर कधीच ठेवू नका. ती लोकांची अमानत आहे. दर आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात गेलीच पाहिजे.

एप्रिल २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक ईमेल 'ट्राय'कडे गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली. तो लढा आपल्यापर्यंत काय पोहोचते याचा होता. आपल्याकडून जगापर्यंत काय पोहोचते, याचा लढा अजून बाकी आहे. घरगुती ग्राहकाला परवडेल अशा दरात सार्वजनिक पत्ता मिळावा आणि मागितल्यावर पोर्ट उघडून मिळावे, ही मागणी आपण केली पाहिजे. स्पॅम रोखायचा असेल तर जबाबदारी लिहून घ्या. सरसकट दार लावून घेणे हा उपाय नव्हे.

मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसायचे कारण नाही. खामगाव, मलकापूर, मेहकर, देऊळगाव राजा, प्रत्येक तालुक्यात लिनक्स शिकलेली दोन-तीन मुले-मुली आज आहेत. त्यांनी एकेका संस्थेची जबाबदारी घ्यावी. पहिल्या महिन्यात डोमेन संस्थेच्या नावावर करा, कोणा उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर नको. मग फेसबुकवरचा जुना मजकूर उतरवून घ्या. सर्व्हर त्यानंतर उभा करा. पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या, कारण मुले शिकायला पुण्याला जातात आणि वाचनालय इथेच राहते.