जात हद्द ओलांडते, दाखला ओलांडत नाही

बारावीच्या निकालानंतर वडिलांनी लूमवर एक दिवसाचा खाडा केला आणि मला सुरतेतल्या एका सरकारी कार्यालयात नेले. काम साधे होते, अनुसूचित जातीचा दाखला. खिडकीतल्या कारकुनाने वडिलांचा जळगाव जिल्ह्यातला दाखला उलटसुलट पाहिला आणि विचारले, "१० ऑगस्ट १९५० पूर्वी तुमचे घराणे गुजरातमध्ये होते का?"

आजोबा तेव्हा अमळनेर तालुक्यात सालदार होते. खरे तर त्या तारखेला गुजरात नावाचे राज्यच नव्हते. सुरत आणि पूर्व खानदेश, दोन्ही मुंबई राज्यात होते. १ मे १९६० ला मधून रेषा गेली आणि आमचे गाव परराज्यात पडले. 'महार' हे नाव आज दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. तरीही त्या खिडकीपुरती मी अनुसूचित जातीची नव्हते.

शेवटी दाखला गावाकडून काढला. तो केंद्राच्या जागांना चालतो, महाराष्ट्रात चालतो. मी जिथे जन्मले, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, त्या राज्याच्या जागांना चालत नाही. मात्र लिंबायतमध्ये भाड्याची खोली शोधताना आम्हाला १९५० चा पुरावा कोणी मागितला नव्हता. तिथे आडनाव पुरले होते.

पुढे समाजशास्त्र शिकताना स्थलांतराचे सिद्धांत वाचले. १८८५ मध्ये रॅव्हनस्टाइनने स्थलांतराचे नियम मांडले. १९६६ मध्ये एव्हरेट लीने गावातून ढकलणारी कारणे, शहराकडे ओढणारी कारणे आणि वाटेतले अडथळे यांची मांडणी केली. आजही मानवी भूगोलाच्या वर्गात हेच शिकवतात. दुष्काळ ढकलतो, मजुरी ओढते. पण जातीमुळे जे हक्क मिळतात ते सीमेवर गळून पडतात आणि जातीमुळे जो त्रास होतो तो सोबत येतो, हा अडथळा त्या आकृतीत कुठे बसतो? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले गेले. त्यांतले पाच कोटींहून अधिक लोक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले होते. स्थलांतराच्या कारणांत काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न असे रकाने होते. जातीच्या जाचाला रकाना नव्हता. तो गेला 'इतर' मध्ये.

या अडथळ्याचे मूळ संविधानाच्या कलम ३४१ मध्ये आहे. अनुसूचित जातींची यादी 'त्या राज्याच्या संदर्भात' ठरते. १९९० मध्ये आंध्रातून लहानपणी मुंबईला आलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेशात राखीव जागा नाकारली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ लावला. २०१८ च्या बीर सिंग निकालात घटनापीठाने तो कायम ठेवला. दिल्लीतल्या नोकऱ्यांपुरती वेगळी वाट दिली. तर्क असा की मागासलेपण त्या-त्या ठिकाणच्या परिस्थितीतून येते.

या तर्काचा सर्वांत कडू अनुभव निर्वासितांना आला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या नामशूद्रांना सरकारनेच दंडकारण्यात आणि आसपास वसवले. कुठे उतरायचे हे त्यांनी ठरवले नव्हते. ज्यांना ओडिशातल्या मलकानगिरीत जमीन मिळाली, त्यांची जात तिथल्या यादीत आहे. ज्यांना आजच्या छत्तीसगडमधल्या पखांजूरला किंवा आपल्या गडचिरोलीत पाठवले, त्यांची तिथल्या यादीत नाही. एकाच छावणीतून निघालेल्या दोन भावांपैकी एक अनुसूचित जातीचा आणि दुसरा खुल्या प्रवर्गातला, असेही घडू शकते. आसामच्या चहामळ्यांत ब्रिटिशांनी नेलेल्या संथाळ, मुंडा, उरांव मजुरांचेही तेच. झारखंडमध्ये ते अनुसूचित जमातीत आहेत, आसामात त्यांचे वंशज आजही ती मागणी करत आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. बाहेरचे आले तर स्थानिक दलितांच्या वाट्याचे काय? हा प्रश्न खोटा नाही. जागा आधीच अपुऱ्या, भरती बंद, अनुशेष पडून. म्हणून माझे म्हणणे स्थानिकांच्या जागांत वाटेकरी वाढवा असे नाही. परराज्यातून आलेल्यांच्या मुलांसाठी वेगळ्या, वाढीव जागा आणि शिष्यवृत्त्या ठेवता येतील, त्याचा खर्च केंद्राने उचलावा. तळाच्या दोघांना एकाच भाकरीसाठी भांडायला लावणारी व्यवस्था तशीच ठेवून न्यायाची भाषा करता येत नाही.

जात प्रवास करते, हे न्यायालयानेही एका ठिकाणी मान्य केले आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरते मर्यादित नाही, असा निकाल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दिला. म्हणजे परराज्यात मला जातीवरून शिवी दिली तर कायदा मला दलित मानेल आणि त्याच राज्याच्या महाविद्यालयात अर्ज केला तर मानणार नाही. ही विसंगती संसदेनेच दूर करायला हवी.

त्यासाठी आधी आकडा हवा. २०२७ च्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवली जाणार आहे. जन्मस्थान आणि आधीचे राहण्याचे ठिकाण विचारण्याची जनगणनेची रीत जुनी आहे. हे दोन रकाने एकत्र मांडून, जातवार आणि राज्यवार स्थलांतराची तक्ती प्रसिद्ध करा, ही मागणी आतापासून लावून धरली पाहिजे. नुसता जातींचा एकूण आकडा घेऊन गप्प बसलो, तर सुरत, दिल्ली, हैदराबादच्या वस्त्यांतली आपली माणसे पुन्हा 'इतर' मध्ये जातील. मोजणीस येणाऱ्याला जन्मगाव नीट सांगा, जात नीट सांगा, आणि शेजाऱ्यालाही तसे करायला सांगा.

बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितले, कारण गावात जात माणसाला श्वास घेऊ देत नव्हती. माझ्या वडिलांनी ते ऐकले, आणि मला आजही त्याचा अभिमान आहे. पण गाव सोडणाऱ्याने हक्कही गावातच ठेवून जावे, असे बाबासाहेब कधी म्हणाले नव्हते.